खारा वारा, पत्र्याचं छप्पर आणि कानावरचे हेडफोन

तीस वर्षं मी सिंधुदुर्गात लाऊडस्पीकर भाड्याने दिले. जत्रा, दशावतार, डबलबारी, लग्न, निवडणूक, सगळ्यांचे भोंगे माझ्या टेम्पोतून गेले. आता टेम्पो विकला. दिवसा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि रात्री जेवणं आटोपली की कॉम्प्युटरवर 'युरो ट्रक सिम्युलेटर २' लावून बसतो. बायको म्हणते, आयुष्यभर गाडी हाकून तुमचा जीव भरला नाही काय? नाही भरला. त्या गेममध्ये पाऊस लागतो तेव्हा काचेवरच्या वायपरचा आवाज कुठून येतो हे मी डोळे मिटून सांगू शकतो.

गेल्या अंकात मी एका उत्तराच्या ओघात लिहून गेलो की गेमसाठी हेडफोन घेताना डब्यावरचं '७.१' (म्हणजे सात स्पीकर आणि एक खर्जाचा, असा चहूबाजूंनी आवाज येईल हा दावा) वाचू नका. का ते सांगितलं नव्हतं. त्यावरून जी पत्रं आली, त्यांतली पाच या वेळी घेतली आहेत. बाकीच्यांनी रागावू नये.

काका, रत्नागिरीला इंजिनिअरिंगला आहे. आंब्याच्या हंगामात घरच्या बागेत पेट्या भरायला राहिलो, त्याचे बाबांनी ६ हजार दिले. पीसीसाठी हेडफोन घ्यायचेत. मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो आणि एकटा असलो की गोष्टीचे, भुताखेताचे गेम. अंगावर काटा यायला हवा. ७.१ सराउंड घेऊ की साधे? खोली माळ्यावर आहे, वर पत्रे.
— एक विद्यार्थी, देवगड

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या दोन शब्दांवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. पण आधी ७.१ चा निकाल लावू.

डबलबारीला कधी मधोमध बसला आहेस? एका हाताला एक बुवा आणि त्याचं मंडळ, दुसऱ्या हाताला दुसरा. डोळे मिटलेस तरी डावीकडचा पखवाज डावीकडेच राहतो आणि उजवीकडची झांज उजवीकडे. हे कसं कळतं? डावीकडचा आवाज आधी डाव्या कानात शिरतो आणि उजव्या कानात पोचायला त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही वेळ लागत नाही. फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. शिवाय मधे आपलं डोकं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानात तो जरा दबलेला पोचतो. एवढ्याशा फरकावर मेंदू बाजू ठरवतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये हे मांडून ठेवलं आहे.

मात्र पुढून आला की मागून, वरून आला की खालून, हे एवढ्यावर कळत नाही. ते काम कानाच्या बाहेरच्या वळ्या करतात. नारळ वरून सुटला की आपण बाजूला उडी मारण्याआधी मान वर करतो, ती या वळ्यांच्या जोरावर. आवाज ज्या दिशेने येईल त्याप्रमाणे त्याच्या काही पट्ट्या त्या खातात, काही उठवतात. या बदलाचा जो हिशेब मांडतात त्याला एचआरटीएफ म्हणतात. गेममधला शत्रू मागच्या जिन्यावर असेल, तर गेम त्याच्या पावलांना हा हिशेब लावतो आणि तयार झालेले दोन आवाज तुझ्या दोन कानांत सोडतो. म्हणजे सगळी करामत होते ती आवाज हेडफोनपर्यंत पोचायच्या आत. तिथून पुढे लागतात दोन चांगले ड्रायव्हर, म्हणजे हेडफोनमधले छोटे स्पीकर, एका कानाला एक. डब्यावरचं ७.१ म्हणजे बहुतेक वेळा पिनेसोबत दिलेल्या यूएसबी कार्डातलं असंच एक सॉफ्टवेअर असतं, आणि तशा प्रकारचं सॉफ्टवेअर तुझ्या विंडोजमध्ये फुकट बसलेलं आहे. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन तुझ्या हेडफोनच्या पानावर 'स्पेशियल साउंड' शोध. तिथे 'विंडोज सॉनिक' मिळेल. डॉल्बी अ‍ॅटमॉसही तिथेच लावता येतं, पण ते विकत घ्यावं लागतं. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तर त्यांचा स्वतःचा एचआरटीएफ आहे.

यातलं एका वेळी एकच चालू ठेव. गेमचंही चालू, विंडोजचंही चालू आणि वर हेडसेटचं ७.१ चालू, असं केलंस की आमटीला तीनदा फोडणी दिल्यासारखं होतं. पावलं कुठूनतरी येतात, पण कुठून ते समजत नाही, आणि सगळा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. आणि एक सांगतो. हे हिशेब सरासरी कानाचे असतात. तुझ्या कानाच्या वळ्या तुझ्याच. त्यामुळे मित्राला जे सेटिंग जबरदस्त वाटतं ते तुला रद्दी वाटू शकतं आणि दोघंही खरं बोलत असता.

गोष्टीच्या गेमसाठी वेगळा सल्ला. 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' हा २०१७ चा गेम मिळवून खेळ. त्यातले नायिकेच्या डोक्यातले आवाज बायनॉरल पद्धतीने रेकॉर्ड केले आहेत, म्हणजे दोन कानांच्या जागी दोन माईक ठेवून. सगळं सराउंड बंद कर, साधा स्टिरिओ ठेव, दिवा मालव. कोणीतरी मानेमागे येऊन कुजबुजतं आणि आपण खरोखर मागे वळून बघतो. मी वळलो होतो. मागे बायको उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. दोघंही किंचाळलो.

आता तुझे पत्रे. हेडफोन दोन जातींचे. ओपन-बॅक म्हणजे ज्याच्या पाठीला जाळी असते, आणि क्लोज्ड-बॅक म्हणजे पाठ बंद. ओपन-बॅकची जात सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ या मॉडेलने आणली. त्याच्या पिवळ्या स्पंजाच्या गाद्या जुन्या लोकांना आठवत असतील. ओपन-बॅकमध्ये आवाज डोक्यात कोंडत नाही, थोडा बाहेर पसरल्यासारखा वाटतो. माजघरात बसून ऐकणं आणि अंगणात बसून ऐकणं, एवढा फरक. कानालाही वारा लागतो. गेममध्ये गुंगून जायचं असेल तर मला हीच जात आवडते, आणि तू स्लॅबच्या घरात राहत असतास तर डोळे झाकून तेच सांगितलं असतं.

पण पत्र्याखाली मृगापासून हस्तापर्यंत काय आवाज असतो हे मी तुला सांगायला नको. ओपन-बॅकमधून तो पाऊस सरळ आत येणार. मग तू आवाज वाढवणार. पाऊस वाढला की आणखी वाढवणार. पावलांचा बारीक आवाज तरीही ऐकू येणार नाही, कारण तो पत्र्याच्या आवाजाखाली गाडलेला असेल. शिवाय जाळीतून जसा पाऊस आत येतो तशा भुताच्या किंकाळ्या बाहेर जातात, आणि माळ्याच्या फळ्यांखाली तुझ्या घरची माणसं झोपलेली असतात. तेव्हा तू क्लोज्ड-बॅक घे.

मग मे महिना येतो. बंद पाठ, वर रेक्झिनच्या गाद्या आणि देवगडची दमट हवा. अर्ध्या तासात कानाभोवती तळं साचतं. माझं ठाम मत असं की आपल्या किनाऱ्यावर हेडफोनचा निवाडा ड्रायव्हरच्या आधी गादीवर करावा. जो डोक्यावर आहे हे विसरायला होतं तोच गेममध्ये रंगू देतो; दर पाच मिनिटांनी उचलून कान पुसायचा असेल तर ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर घेऊन काय पूजा करायची? म्हणून बंद पाठ, पण गादी कापडाची किंवा मखमलीसारख्या व्हेलोरची बघ. निदान कानाला टेकतो तो भाग तरी कापडाचा असावा. कापडातून थोडा खर्ज निसटतो, स्फोटाचा दणका जरा कमी बसतो. तेवढं सोडून दे.

रेक्झिनचं आणखी एक दुखणं आहे. ते चामडं नसतं, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतला ओलावा आणि घाम त्या थराची वीण आतून तोडतात. कोरड्या गावात जी गादी चार वर्षं टिकेल, ती इथे दुसऱ्या पावसाळ्यात सोलायला लागते. माझी पहिली जोडी अशीच गेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अर्धा दोष माझा: मी ते हेडफोन खाडीकडच्या खिडकीत खिळ्याला टांगून ठेवायचो. एका सकाळी बाजारात गेलो तर मासेवालीने विचारलं, कानाला तीळ लावून आलात की काय? काळे कपटे कानाला, मानेला, सदऱ्याच्या कॉलरला.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचार की गादी निघते का आणि तशी सुटी मिळते का. दुसरा प्रश्न वायरचा. वायर हेडफोनमधून सुटी होणारी असेल तर उत्तम, कारण खाऱ्या हवेने आधी मरते ती पिन आणि पिनेच्या मुळाशी वायर. पितळेला हिरवा कळंक धरला की एका कानाचा आवाज येतो-जातो. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पिन पुसायची, एवढंच काम आहे.

वजन ३०० ग्रॅमच्या आसपास किंवा खाली ठेव. चष्मा असेल तर तो लावूनच दुकानात जा. काडीमुळे गादीला फट पडते आणि खर्ज तिथून पळतो. दुकानात डोक्यावर घातल्यावर लगेच गाणं लावू नकोस. पंधरा मिनिटं काही न लावता नुसता घालून गप्पा मार. टाळू दुखते का, जबड्यावर दाब येतो का ते कळेल. मग मोबाईलवर पखवाजाचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लाव. कणीक लावलेल्या बाजूचा घुमार आणि शाईच्या बाजूची थाप एकमेकांत मिसळून चिखल होत असेल, तर गेममधला स्फोट आणि त्यामागची पावलंही अशीच मिसळणार. बाजूला ठेवून पुढचा बघ.

सहा हजार सगळे हेडफोनवर घालवू नकोस. साधारण चार-साडेचार हजारांत चांगला वायरचा जोड बघ, माईक असलेला. उरलेल्यांत जादा गाद्यांची एक जोडी आणि एक साधं यूएसबी साउंड कार्ड, बोटाएवढं असतं ते. कशाला, ते खाली वेंगुर्ल्याच्या उत्तरात वाच. आणि पेट्या भरून कमावलेले पैसे आहेत, तेव्हा बिल जपून ठेव.

माझा मुलगा नववीत आहे. सुट्टीत चार-पाच तास हेडफोन लावून खेळतो. दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही. आता त्याला नॉईज कॅन्सलिंगवाले हवे आहेत. म्हणजे आणखीच बहिरा होणार! द्यावेत का?
— एक आई, गुहागर

ताई, 'मेल्या, किती हाको मारूचे तुका' हे वाक्य मीही लहानपणी रोज ऐकलं आहे, आणि तेव्हा आमच्याकडे हेडफोन नव्हते. तेव्हा ओ न देणं आणि कान बिघडणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू.

कान बिघडतात ते आवाजाची पातळी आणि तास यांच्या गुणाकाराने. जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे: मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकावं, मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. मोठ्या माणसालासुद्धा ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला पाच. आठवड्याचे हे तास, दिवसाचे नव्हेत. तुमचा मुलगा पाच तास खेळत असेल तर आठवड्याचे पस्तीस होतात, म्हणजे त्याच्याकडे आवाज चढवायला जागाच उरलेली नाही.

नॉईज कॅन्सलिंगचं मात्र तुम्ही समजता त्याच्या उलट आहे. ते पंखा, जनरेटर असा एकसुरी खर्जाचा आवाज खातं. बाहेरचा आवाज कमी झाला की मुलाला आतला आवाज कमी ठेवून भागतं. तेव्हा ते घेतल्याने कान वाचूही शकतात, जर त्याने आवाज खरंच उतरवला तर. तुमची हाक ते पुरती खाणार नाही. मात्र बंद गादी आणि गेमची गडबड मिळून ती हाक अडवतील. पण नुसता चांगल्या बंद गादीचा साधा जोडही बरंच काम करतो आणि पैसे वाचतात. माझ्या मते तोच द्या.

एक युक्ती सांगतो. देवळाच्या कमिटीला अ‍ॅम्प्लिफायर देताना मी आवाजाच्या बटणाशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून द्यायचो. याच्यापुढे फिरवलं तर भोंगा फाटेल, पैसे तुमचे. मुलाला शेजारी बसवा, त्याचा आवडता गेम लावा, त्यातला सगळ्यात मोठा दणका येऊ द्या. हेडफोन काढून हात लांब करून धरा. त्या अंतरावरून संवाद स्पष्ट ऐकू येत असतील तर फार आहे, कमी करा. जिथे बरं वाटेल तिथे ठिपका. काही हेडसेटचं चाक गोल-गोल फिरतच राहतं, त्याला ठिपका लावून उपयोग नाही. तिथे कॉम्प्युटरवरचा आकडा कागदावर लिहून चिकटवा. आणि गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'डायनॅमिक रेंज' असेल तर ती कमी करा किंवा 'नाईट मोड' असेल तर तो लावून द्या. त्याने दणके खाली येतात, बारीक आवाज वर येतात. बहुतेक मुलं आवाज वाढवतात ती पावलं ऐकायला, आणि मग बॉम्बचा मार खातात.

कानात शिट्टीसारखं वाजतं असं तो कधी म्हणाला, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, कानाच्या डॉक्टरांकडे जा. माझ्या उजव्या कानात ती शिट्टी कायमची आहे. तपासणीच्या आलेखात ४ हजार हर्ट्झपाशी खड्डा पडलेला आहे, भोंग्याशेजारी उभं राहून काम करणाऱ्यांना पडतो तसा. 'सात' आणि 'फात' यातला फरक मला तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. मुलाला हे वाचून दाखवा.

राहिली हाक. टेबलावरच्या दिव्याचं बटण खोलीबाहेर काढून घ्या. दिवा दोनदा लुकलुकला की जेवायला यायचं.

हेडसेटमध्ये सतत गुणगुण येते. माऊस हलवला की खरखर बदलते. कॅबिनेटला हात लावला की गुणगुण थांबते, पण हाताला मुंग्या येतात. हेडसेट बदलून आणला, तोच प्रकार. कोणता घ्यावा?
— वेंगुर्ले

कोणताही घेऊ नका. आधी वायरमनला बोलवा.

कॅबिनेटला हात लावल्यावर गुणगुण थांबते, म्हणजे त्या क्षणी तुम्ही स्वतः अर्थिंग झालेले असता. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा किंचितसा करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर तो पत्र्यावर तरंगत राहतो, २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टवर. करंट बारीक म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या पॉवर सप्लाय खरोखर बिघडला, तर मुंग्यांवर भागणार नाही.

पाहून घ्या: तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घातला आहे का? असेल तर तो अडॅप्टर आजच फेका. नसेल, तर अर्थिंगच्या खड्ड्याकडे वळा. आपल्याकडे जांभा. पावसात तो पाणी धरतो तोवर अर्थिंग चालतं, आणि शिमग्यानंतर सुकला की संपतं. जुने लोक अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरायचे आणि उन्हाळ्यात वरून घागरभर पाणी ओतायचे, ते उगाच नाही. तुमची तक्रार पावसाळ्यात कमी होते का? पत्रात नाही लिहिलंत, पण मी पैज लावायला तयार आहे.

माऊस हलवल्यावर बदलणारी खरखर मात्र वेगळी. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची बारीक वायर आत मदरबोर्डवरून जाते आणि वाटेतला सगळा कचरा गोळा करते. आधी पिन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघा. तिथेही खरखर असेल तर बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड लावा. आवाज तयार करायचं काम मदरबोर्डच्या गजबजाटातून बाहेर निघतं. देवगडच्या मुलाला मी ते घ्यायला सांगितलं ते यासाठी. हेडसेटची पिन चार पट्ट्यांची असेल आणि पीसीला आवाज-माईकचे दोन वेगळे जॅक असतील, तर नुसता हिरव्यात खुपसून माईक चालत नाही. दोन शेपट्यांची जोडवायर लागते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर घूं वाढत असेल तर तो चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आहे. त्याला इलाज साइन वेव्हचा इन्व्हर्टर.

मोबाईलचे ब्लूटूथ हेडफोन पीसीला जोडले. गोळी आधी दिसते, आवाज मागून येतो. मित्रांशी बोलायला माईक चालू केला की गेमचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. बिघडलेत का?
— हर्णै

बिघडलेले नाहीत. खाडीपलीकडे बाई धुणं आपटते ते आधी दिसतं आणि आवाज मागाहून येतो, तसं आहे हे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज बांधून, पाठवून, सोडवेपर्यंत दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तेवढ्यात हवेतून आवाज जवळजवळ ७० मीटर गेला असता. गाण्याला चालतं, गोळीला नाही. माईक चालू झाला की ब्लूटूथ फोनवर बोलायच्या पद्धतीवर उतरतं, म्हणून टेलिफोन. बिनवायरीचेच हवे असतील तर स्वतःचं यूएसबी डोंगल घेऊन येणारे २.४ गिगाहर्ट्झचे घ्या, त्यात हा उशीर जाणवत नाही. नाहीतर वायर. मी वायरवाला.

मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं. आता घरी फ्लाइट सिम्युलेटर उडवतो. मुलाने परदेशातून भारी ओपन-बॅक हेडफोन आणले, ३०० ओहमचे. आवाज शंभरावर नेला तरी विमान दूरच्या वाडीत उडतंय असं वाटतं. खराब माल आला का?
— एक निवृत्त इंजिनिअर, रत्नागिरी

साहेब, माल उत्तम आहे, त्याला ढकलणारं कोणी नाही. तुम्हाला गणित सांगायला मजा येईल. पीसीच्या जॅकमधून एक व्होल्ट निघतो असं धरा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम (ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा): ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला ३१ मिलिवॅट मिळतात, तुमच्या ३०० ओहमच्याला जेमतेम ३.३. म्हणजे एक दशांश. मी भोंग्यांना शंभर व्होल्टची लाईन द्यायचो ती लांब वायरीत ताकद वाया जाऊ नये म्हणून, पण हिशेब तोच: ओहम जास्त असला की व्होल्ट वाढवावे लागतात. ३०० ओहम हा दोष नाही. सेनहायझरचे एचडी ६०० आणि ६५० तेवढ्याचेच आहेत, स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरले जातात. तुम्हाला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हवा, शक्यतो डॅक (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारा भाग) आतच असलेला, यूएसबीवर चालणारा. वर्णनात '३०० ओहमला किती मिलिवॅट' हा आकडा दिलेला असतो तो बघा, ३२ ओहमचा आकडा मोठा दिसतो त्याला भुलू नका.

आणि अ‍ॅम्प्लिफायर आला की पहिल्या दिवशी बटण शून्यावर ठेवून मग हळूहळू वर या. इंजिनरूमची वर्षं आणि माझ्या भोंग्यांची वर्षं सारखीच. आपल्या दोघांनाही आवाज कमी वाटतो तेव्हा तो कमी असतोच असं नाही.

विंडोजमधली कसलीही सराउंड किमया तुम्ही लावू नका. कॉकपिटमध्ये पायलट स्वतः हेडसेट लावून बसतो, तेव्हा रेडिओचा आवाज डोक्याच्या मधोमध आलेलाच बरा. इंजिन दोन्ही बाजूंना आपोआप पसरेल. ओपन-बॅक तुमच्याकडे छान चालेल, फक्त आषाढात उड्डाणं कमी होतील. ते खऱ्या विमानांचंही होतं.

ठेवण्याबद्दल, हे सगळ्यांसाठीच. आपण कोकम सुकवतो, आंबोशी सुकवतो, बांगडे सुकवतो आणि घामाने भिजलेला हेडफोन मात्र तसाच कपाटात कोंबतो. खेळून झालं की दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. उन्हात नाही, उन्हाने गोंद सुटतो.

मालवणच्या एका वाचकाने नुसतं एवढंच विचारलं आहे की गाद्या सोलल्या, त्या मापाच्या नव्या कुठे मिळत नाहीत, काय करू? जुन्या होजिअरीच्या बनियनचं मऊ कापड घ्या, गादीपेक्षा दोन बोटं मोठा गोल कापा, मधे कानापुरतं भोक, कडेला बारीक इलॅस्टिक. सोललेलं रेक्झिन ओल्या फडक्याने पूर्ण खरवडून काढायचं आणि वर ही खोळ चढवायची. आठवड्याला धुता येते. आमच्या आळीतली शिवणवाली माझ्या खोळी शिवते. पहिल्यांदा कापड आणि माप घेऊन गेलो तेव्हा तिने दोन्ही गोल हातावर ठेवून बघितले आणि म्हणाली, "दोन टोपडी? सुनेला जुळं झालं काय?"